उरलेला हात

धनसिंग आबाला मी पहिल्यांदा पुसलं ते त्याच्या पुतणीच्या लग्नात.

सन पंच्याऐंशीचा वैशाख. ग्रुप फोटोत तो नवरदेवाशेजारी उभा. फेट्याचा तुरा ताठ, छाती अशी फुगवलेली की लग्न त्याचंच असावं. मी निगेटिव्ह काचेवर ठेवली, मागून दिवा लावला, ब्लेडचा तुकडा उचलला आणि म्हटलं, ये बाबा, आता तुझी पाळी. दीड तासात आबाच्या जागी कनातीचं कापड आलं. वर मी त्याला एक झालरही काढून दिली, फुकट! इतकं गोड काम मी आयुष्यात केलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मी सुनंदा. धुळ्याला आग्रा रोडवर पारसमल शेठचा स्टुडिओ आहे, तिथं मी रिटचिंग करायचे. देवीचे वण बुजवायचे, सावळ्या पोरीला स्थळासाठी उजळ करायची, मिटलेल्या डोळ्यांत बुबुळं भरायची, मेलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नसलेली टोपी चढवायची. पेन्सिल, ब्लेड, लाल शाई आणि भिंग. नवऱ्यानं टाकल्यावर या चार वस्तूंनीच मला पोसलं. शिकवलं पारसमलच्या वडिलांनी, गौतमचंद शेठनं. म्हातारा खडूस होता, पण कामात चोख. गिऱ्हाइकानं फोटो दिला की पाकिटावर काय दिलं ते लिहायचं, खाली त्याची सही घ्यायची, कार्बनची प्रत आपल्याकडे. "कागद आपल्या हातात आला ना सुनंदा, की जबाबदारी आपली," असं म्हणायचा. तेव्हा मला ती नसती कटकट वाटायची.

आता आबानं माझं काय घोडं मारलं होतं ते सांगते.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नाव घेत नाही, माझी भावकी अजून तिथंच नांदते. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या पाण्यावर गावाचा सगळा फड, म्हणजे भिजणारं शिवार. एक्कावनच्या पुरात तो बंधारा वाहून गेला. अभिमन पाटील, म्हणजे या धनसिंगचा बाप, चावडीत बसून म्हणाला की आता सरकारच बांधेल, आपल्याच्यानं होणार नाही. माझा बाप आणि आणखी आठ-दहा जण म्हणाले, बांधू. ते कामाला लागले आणि पौषात एक धोंडा घसरला, त्याखाली माझा बाप गेला. मी तेव्हा वर्षाची.

काम बंद पडलं. माणसं म्हणाली, नदीनं बळी घेतला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझी माय, तानुबाई, बावीस वर्षांची, मला सासूच्या मांडीवर टाकून निघाली. नवऱ्याची पहार खांद्यावर घेतली आणि बंधाऱ्यावर जाऊन एकटीच धोंडे उपटायला लागली. सबंध दिवस. कुणी पुढं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुकदेव नाना लाजेनं उतरला, मग एकेक करत सगळे. चैत्रात पाटाला पाणी लागलं.

पहिल्या पाण्याला नारळ फोडायचा मान पाटलाचा. पण बंधाऱ्यावरची माणसं म्हणाली, नारळ तानुबाई फोडेल. विधवा बाई! आणि त्यात डावखुरी! अभिमन पाटील पेटला. म्हणाला, रांडमुंड बाईनं डाव्या हातानं नारळ फोडला तर त्या पाण्याला मी पाय लावणार नाही. आणि घराचं दार लावून बसला. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्या दिवशी गौतमचंद शेठ धुळ्याहून पेटीचा कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं फोटो काढला. बंधाऱ्यावर नऊ पुरुष, मधोमध माझी माय, उजव्या हातात पहार, डावा हात पुढं केलेला आणि त्या हातात नारळ. एक प्रत त्यानं मायला दिली.

तो फोटो आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वर होता. बापाचा फोटो नव्हताच, तेव्हा आमच्या घरी फोटो म्हणजे तो एकच.

चौऱ्याऐंशीत धनसिंग आबा पाणी सोसायटीचा चेअरमन होता आणि त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. त्यानं बंधाऱ्याची स्मरणिका काढायची ठरवली. मायकडं आला, खाली घोंगडीवर बसला, म्हणाला, "अक्का, पुस्तकात छापायचाय, द्या तो फोटो. चार दिवसात आणून देतो." मायनं पदरानं काच पुसून दिला. चहाही पाजला मेल्याला!

स्मरणिका जळगावला छापली. फोटोचं कामही जळगावलाच केलं, धुळ्यात केलं असतं तर माझ्या हातात आलं असतं ना. पुस्तक आलं. पान तिसरं. बंधाऱ्यावर दहा पुरुष. मधोमध, माझ्या मायच्या जागी, अभिमन पाटील. खाली ओळ, 'बंधाऱ्याचे शिल्पकार कै. अभिमन पाटील पहिल्या पाण्याला श्रीफळ वाढवताना.'

माय कितीतरी वेळ त्या पानावर बोट फिरवत राहिली.

"मी कोठे शे व यामा?" तिनं विचारलं. "हाई नारय तं मना हातमा व्हतं."

माझ्या धंद्यातल्याच कुणीतरी, माझ्याच हत्यारांनी हे केलं होतं. मी तशीच आबाच्या ओट्यावर गेले. चार माणसं बसली होती. म्हटलं, "आबा, माझी माय कुठंय? आणि आमचा फोटो कुठंय?"

आबा हसला. "फोटो प्रेसवाल्यानं हरवला, बाई. आणि पुस्तकात आहे ना छापून. फोटो खोटं बोलस का?"

सगळे हसले. त्या नऊ जणांतला जिवंत उरलेला एकटा सुकदेव नाना तिथंच बसला होता. मी त्याच्याकडं वळले. "नाना, तू तर तिच्या मागंच उभा होतास. सांग ना!"

नानानं मान खाली घातली. "माले काही याद नही, पोरी. मनं वावर पाटना शेवटले शे."

पाटाच्या शेवटाला वावर म्हणजे पाणी चेअरमनच्या मर्जीवर. मी समजले. पण माफ नाही केलं, आजही नाही.

धुळ्याला येऊन मी माडीवरच्या सगळ्या पेट्या उपसल्या. गौतमचंद शेठ वारून पाच वर्षं झाली होती. त्यानं काढलेल्या फोटोची मूळ काच मिळाली असती तर आबाच्या तोंडावर मारली असती. पारसमल शेठ म्हणाला, "अगं, जुन्या काचा मी केव्हाच गरम पाण्यात धुऊन फ्रेमला वापरल्या. फुकटची काच, कोण टाकतं?" म्हणजे माझी माय धुऊन कुणाच्या तरी गणपतीवर लागली होती.

त्याच आठवड्यात जळगावला केलेला तो फोटो मोठा होऊन ग्रामपंचायतीत लागला, सरपंचाच्या खुर्चीच्या वर. शाळेतली पोरं पंधरा ऑगस्टला भाषणात अभिमन पाटलाचं नाव घ्यायला लागली. मास्तर सांगायचे, फोटो बघा. माय बाजारच्या वाटेनं जायची सोडून मागच्या बोळानं जायला लागली. तिला बघून पोरं हसायची, म्हणायची, ही आजी म्हणते नारळ मी फोडला! त्या बोळातून जाणारी तिची पाठ मी एकदा बघितली आणि ठरवलं. आबा, तू माझ्या मायला एका फोटोतून काढलंस ना? मी तुला सगळ्या फोटोंतून काढते.

आणि काढलं. आठ वर्षं.

आमच्या गावाची सगळी लग्नं, साखरपुडे, सत्कार पारसमल शेठच्याच कॅमेऱ्यानं व्हायचे. आबा प्रत्येकात पुढं. कडेला असला तर मोठा करताना कापायचा. मधे असला तर खरवडून काळा करायचा आणि तिथं खांब, कुंडी, कनात. एकदा तर त्याच्या जागी मी केळीचा खुंट उभा केला, लग्नाच्या मांडवात शोभतोही! पुढं रंगीत रीळ आलं, ते धुवायला नाशिकला जायचं. मग मी अल्बम लावताना त्याचे फोटो बाहेर ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, आबांचे डोळे मिटले होते, फ्लॅश उडाला, रीळ अडकलं.

गावात चेष्टा व्हायला लागली. आबाच्या नशिबी फोटो नाही! पंचायत समितीला पडला तेव्हा म्हणाले, जो फोटोत उतरत नाही तो पेटीत कसा उतरेल? आबा स्टुडिओत येऊन पारसमल शेठवर ओरडला, देवऋषी केला, लिंबू उतरवलं. मी आत काचेमागं बसून ऐकत होते. पदर तोंडात कोंबावा लागला मला. मायला यातलं मी काही सांगितलं नव्हतं, फक्त एकदा तिचे पाय चेपताना म्हटलं, "माय, आबाचं वाटोळं करतेय." ती म्हणाली, "त्यानं वाटोळं करीसन मी फोटोमा येसू का?" मी ऐकलं नाही. सूड चढला की दारूपेक्षा वाईट.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर रुपचंद सर स्टुडिओत आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे, सडसडीत, खिशाला तीन पेनं. पांझरेवरच्या बंधाऱ्यांवर पुस्तक लिहीत होते. ग्रामपंचायतीतला तो मोठा फोटो त्यांनी मागून आणला होता, कॉपी करायला. मी पाकिटावर लिहिलं, 'बंधाऱ्याचा ग्रुप, एक', त्यांची सही घेतली. फोटो चार दिवस माझ्याकडं राहिला.

स्मरणिकेतला छापील फोटो म्हणजे नुसता काळा गिचका होता आणि ग्रामपंचायतीत मी त्या भांडणानंतर पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा इतक्या वर्षांत हा फोटो मी पहिल्यांदा भिंगाखाली घेतला. आणि माझ्या तोंडून शिवी निघाली, पण आनंदाची.

जळगावच्या त्या माणसानं मायचं सगळं खरवडलं होतं, तोंड, लुगडं, पहार. पण नारळ धरलेला डावा हात सुकदेव नानाच्या छातीवर आला होता. तो पुसायचा तर नानाची छाती नव्यानं काढावी लागली असती. मेल्यानं आळस केला, हात तसाच ठेवला आणि पाटलाच्या बाहीला जोडून दिला. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. सीतेची न्हाणी, विंचू, ठिपक्यांची ओळ. पाटलाच्या हातावर बाईचं गोंदण! आणि बांगडी नाही, म्हणजे विधवा.

मी सरांना सगळं सांगितलं. नारळ, विधवा, दार लावून बसलेला पाटील. त्यांनी भिंगातून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. म्हणाले, "सुनंदाबाई, हे गावासमोर बोललं पाहिजे. रविवारी येतो."

त्या शनिवारी मी मायला न्हाऊ घातलं, तिला नवं लुगडं नेसवलं. रविवारी ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी फोटो टेबलावर ठेवला, मायचा हात शेजारी ठेवला. तोच विंचू. तीच न्हाणी, डाव्या कोपऱ्यात एक ठिपका कमी, गोंदणारीनं मधेच सोडलेली. माणसं माना पुढं करून बघायला लागली. सुकदेव नाना रडायला लागला. मला वाटलं, झालं. मिळाली माझी माय.

धनसिंग आबा शांतपणे उठला. म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

"सर, हा फोटो चार दिवस कुणाजवळ होता?"

सर म्हणाले, "स्टुडिओत."

"स्टुडिओत म्हणजे हिच्याजवळ. हिचा धंदा काय? फोटोत नसलेलं काढायचं अन् असलेलं पुसायचं. आईचा हात बघून चार ठिपके काढायला हिला कितीसा वेळ?"

"मी पेन्सिलसुद्धा टेकवली नाही!" मी ओरडले.

त्यानं खिशातून दोन फोटो काढले. एक माझा, त्याच्या पुतणीच्या लग्नाचा, कनातीची झालर असलेला. दुसरा त्याच क्षणाचा, कुणा पाहुण्याच्या साध्या कॅमेऱ्यातला, नुकताच मागून आणलेला, हललेला, तोंडं पुसट, पण नवरदेवाशेजारी आबाचा ताठ तुरा ठसठशीत. त्यानं दोन्ही सरांसमोर ठेवले आणि माझ्या फोटोत नवरदेवाच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"हा हात कुणाचा, सर?"

नवरदेवाच्या खांद्यावर एक हात होता. बोटात खड्याची अंगठी. मागं मनगट नाही, माणूस नाही, नुसती कनात. पुसायचा तर नवरदेवाचा कोट बिघडला असता. मी आळस केला होता. अगदी तसाच.

"आठ वर्षं ही बाई मला पुसते," आबा म्हणाला. त्याचा आवाज फाटला, ते नाटक नव्हतं. "मी खुळ्यासारखा लिंबं उतरवत राहिलो. आता हिच्यावर विश्वास ठेवायचा का तुम्ही?"

सुकदेव नानानं डोळे पुसून मान खाली घातली, त्याचं वावर अजून पाटाच्या शेवटालाच होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही केलंय हे, सुनंदाबाई?"

नाही म्हणता आलं असतं. पण आबाची अंगठी तिथं टेबलावर त्याच्याच बोटात होती आणि खांद्यावरही होती. मी म्हटलं, "हो. केलंय."

सरांनी वही मिटली. वाईट माणूस नव्हता तो. फाटकाबाहेर मला म्हणाला, "तुमचं खरं असेल. पण मी आता ते लिहू शकत नाही." पुढच्या वर्षी पुस्तक आलं, त्यात आमच्या बंधाऱ्याबद्दल एकच ओळ होती, 'छायाचित्राच्या अस्सलपणाबद्दल शंका असल्याने बांधणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.' पुस्तकातून आबाचा बापही गेला आणि माझी मायही. करायला गेले काय आणि झालं काय!

माय त्या दिवशी घरी येऊन लुगडं बदलून बसली. मला म्हणाली, "आठ वरीस?" एवढंच. मग तिनं माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. पण आबावरचा राग कमी झाला नाही हो, तसूभरही नाही. उलट त्यात माझ्यावरचा मिसळला.

मी ब्लेड टाकून दिलं. पारसमल शेठला सांगितलं, आजपासून मी काउंटर बघेन, पाकिटं लिहीन, रिटचिंग करणार नाही. तसंही रंगीत कामात रिटचिंग कोण विचारतो. पाकिटं मात्र मी अशी लिहायला लागले की शेठ वैतागायचा. 'फोटो एक' नाही. किती माणसं, कोण कुठं, कुणाच्या हातात काय, कोपरा कुठला दुमडलेला. त्या पाकिटावर 'बंधाऱ्याचा ग्रुप, एक' याऐवजी 'डावा हात गोंदलेला' एवढं लिहिलं असतं ना सरांसमोर, तर आबाची बोलती बंद झाली असती. हे मला रोज आठवायचं.

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात धनसिंग आबा वारला. मी पेढे वाटले नाहीत, पण त्या दिवशी जेवणात गोड केलं.

आठव्या दिवशी त्याचा मुलगा झुलाल स्टुडिओत आला. डोकं भादरलेलं, हातात कापडी पिशवी. मला बघून जरा थबकला, पण गरजवंताला अक्कल नसते.

"ताई, आबांचा फोटो मोठा करायचाय. ग्रामपंचायतीत लावायचा. पण घरात धड फोटोच नाही," तो म्हणाला. का नाही ते त्यालाही माहीत होतं. "घरात होते नव्हते ते सगळे आणलेत. ट्रंकेतले, माळ्यावरचे. एखाद्यात तोंड मिळालं तर बघा."

त्यानं पिशवी काउंटरवर उपडी केली. मी एकेक फोटो उचलून पाकिटावर लिहायला लागले. बारसं, आबा नाही. सत्कार, आबा नाही. लग्न, केळीचा खुंट. माझंच काम माझ्यापुढं रांगेनं येत होतं. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड, पिवळा पडलेला पुठ्ठा.

मी तो उलगडला आणि भिंग जवळ ओढलं.

बंधारा. नऊ पुरुष. मधोमध माझी माय, बावीस वर्षांची, पदर खोचलेला, उजव्या हातात पहार, डाव्यात नारळ. मागं गौतमचंद शेठचा शिक्का, तारीख, शाईनं लिहिलेलं 'तानुबाईस'.

आबानं जाळला नव्हता. त्या फोटोत त्याचे दोन सख्खे चुलते होते. मेलेल्यांचा फोटो जाळला की घराला लागतं, असं आमच्याकडं मानतात. लिंबू उतरवणारा माणूस तो, त्याची छाती झाली नसेल.

झुलालला काही कळलं नव्हतं. तो बाहेर बघत विडी पेटवत होता. मला ओरडावंसं वाटलं, त्याच्या भादरलेल्या डोक्यावर तो पुठ्ठा आपटावासा वाटला. पण मी पेन उचललं. हळूहळू, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जुना फोटो एक, पुठ्ठ्यावर. बंधाऱ्यावर नऊ पुरुष. मध्ये एक बाई, उजव्या हातात पहार, डाव्या हातात नारळ, डावा हात कोपरापर्यंत गोंदलेला. मागे शिक्का, सन १९५२. तानुबाईस असे लिहिलेले. कै. धनसिंग आबा यांच्या ट्रंकेतून, मुलगा झुलाल याने स्वतः आणला.' पारसमल शेठला हाक मारली, म्हटलं वाचा आणि साक्ष करा. शेठनं वाचलं, फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप सही केली.

"सही करा, भाऊ," मी झुलालला म्हटलं.

त्यानं न वाचता केली. घाईत होता, दहाव्याची तयारी होती.

आबाचं तोंड मिळालं ते एकाच ठिकाणी, सोसायटीच्या ओळखपत्रावर. टिकलीएवढा फोटो आणि त्यावर गोल सरकारी शिक्का, अर्धा कागदावर, अर्धा आबाच्या उजव्या डोळ्यावर. मी तो वीस बाय चोवीस मोठा करून दिला. अख्ख्या तोंडावर शिक्क्याची कड, एक डोळा जांभळा.

झुलाल कळवळला. "ताई, हा शिक्का तेवढा काढा ना. तुम्हाला येतं."

"येतं," मी म्हटलं. "पण मी आता कुणाच्या फोटोला हात लावत नाही. तुझ्याच बापानं शपथ घ्यायला लावली ती, सगळ्या गावादेखत."

तो फोटो तसाच ग्रामपंचायतीत लागला आहे. जाऊन बघा.

रुपचंद सरांकडं मी पुठ्ठा आणि पाकीट घेऊन गेले. त्यांनी फोटोपेक्षा पाकीट जास्त वेळ वाचलं. मग गावी जाऊन झुलालला भेटले, सही त्याचीच का ते विचारलं. तो नाही म्हणू शकला नाही. सुकदेव नाना तेव्हा अंथरुणाला खिळला होता, पण त्यानं या वेळी तोंड उघडलं. सरांनी शुद्धिपत्रक छापलं, चार ओळींचं, उरलेल्या सगळ्या पुस्तकांत स्वतःच्या हातानं चिकटवलं. 'सदर बंधारा तानुबाई यांच्या पुढाकाराने उभा राहिला व पहिल्या पाण्याचे श्रीफळ त्यांनीच वाढवले.' ग्रामपंचायतीतला दहा पुरुषांचा फोटो उतरला. मी समोर उभी राहून उतरवला, खिळासुद्धा उपटून घेतला.

मग फोटो पदराखाली घेऊन मी मायकडं गेले.

माय ओट्यावर उन्हाला बसली होती. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. मी शेजारी बसले, तिला शुद्धिपत्रक वाचून दाखवलं, दोनदा. मग पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चाचपला, कडा ओळखल्या, मागचा खरबरीत शिक्का ओळखला. तिचं तोंड उजळलं. मग समोरच्या बाजूवर बोट फिरवलं, पण तिथं सगळं गुळगुळीत होतं, तिला काही लागेना.

"मी शे का व यामा?" तिनं विचारलं.

"शे, माय. मधोमध शे."

"नारय?"

"तुना हातमा शे."

बोट तसंच फिरत होतं. मग तिनं तोंड माझ्याकडं वळवलं, अगदी हळू विचारलं, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पोरी, खरं सांग. तू तं हात नही ना लावा याले?"

"नही माय," मी म्हटलं. "मी याले हात नही लावा."

तिनं मान हलवली. बोट पुन्हा फोटोवर फिरवलं, आणि मग माझा हात चाचपून हातात घेतला, बोटं एकेक करून तपासली, जणू त्यांना शाई लागली आहे का ते बघत होती.